शोभाच्या तोलघरासाठी रायपूरला

तुमसरहून रायपूर तसं लांब नाही. सकाळी गाडीत बसलं तर दुपारचं जेवण तिकडे होतं. तरी आमच्या गल्लीतल्या बायकांपैकी कोणी ते शहर पाहिलेलं नाही. डोंगरगडपर्यंत पुष्कळ जणी जातात, देवी पाहतात आणि परत फिरतात. त्याच्या पुढे काय आहे, असं मला आल्यापासून सगळ्या विचारतात. समोर बसून इतकं बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते. मोठे शब्द मला येत नाहीत. जे पाहिलं तेवढं लिहिते.

मी फिरायला गेले नव्हते. धाकट्या बहिणीनं, शोभानं, हाताखाली ये म्हणून बोलावलं होतं. शोभा लग्न होऊन रायपूरला गेली आणि तिथल्या एका राईस मिलमध्ये कामाला लागली. मिल बंद पडली तेव्हापासून ती शंकर नगरात लोकांच्या घरी स्वयंपाक करते. आता ती जुनी मिल नवी होत होती आणि तिच्यात शोभाला एक खोली मिळण्याचा संभव होता. स्वतःचं खानावळीचं दुकान. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ताई, दोन दिवस हाताखाली राह्य. मंग पाहू."

गुढियारी

रायपूरच्या स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक मोठ्या रस्त्याकडे उघडतं, दुसरं गुढियारीकडे. शोभानं बजावलं होतं की गुढियारीकडून उतर. मी गर्दीबरोबर नेमकी मोठ्या रस्त्याकडून बाहेर पडले. अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हणजे माझी जीभ उचलत नाही. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई दिसली. ही गुढियारीचीच असणार असं मी मनाशी ठरवलं आणि तिच्या मागे चालू लागले. ती बरीच चालली. मीही चालले. शेवटी ती वळून उभी राहिली.

"का होगे बहिनी? मोर पाछू पाछू काबर आवत हस?"

माझ्या मागे मागे का येतेस, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "गुढियारी."

तिनं कपाळावर हात मारला. मग टोपली सावरत मला पुलावरून पलीकडे नेऊन सोडलं आणि तिच्या वाटेनं परत गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

गुढियारी म्हणजे पोत्यांचा मोहल्ला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांदूळ, डाळ, गूळ, साखर यांची ठोक दुकानं आणि मध्ये ट्रक. हवेत बारदान्याचा वास असतो. आमचा तुमसरचा बाजारही धानाचाच, त्यामुळे तो वास मला परका वाटला नाही. शोभाचं घर आतल्या गल्लीत आहे, एक खोली आणि पुढे टिनाचा ओसारा. तिचे मालक मालधक्क्यावर रात्रपाळीला असतात आणि दिवसा झोपतात, म्हणून घरात सगळे हळू बोलतात. मला ते घर त्यामुळे आवडलं. मुलगी पिंकी कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"पोरी, शिकून काय होशील?"

"देखते हैं, मौसी."

जेवायला भात आणि तिवऱ्याची भाजी होती. खाल्ल्यावर कळलं की ही आपली लाखोळीची भाजी. नाव बदललं तरी चव तीच. फरा मात्र मी पहिल्यांदा खाल्ला. शिजवलेल्या भातात तांदळाचं पीठ मळून त्याचे बोटाएवढे लांबट मुटके करतात, वाफवतात आणि तिळाची फोडणी देतात. टमाटरच्या चटणीबरोबर छान लागतो. थंडीत तर फारच.

मिल

आमच्याकडे गिरणी बंद पडली की आधी पत्रे जातात, मग दारं, मग विटा. शेवटी जागेवर बोरीबाभळी राहतात. शोभाच्या गल्लीजवळच्या या मिलचं तसं झालेलं नव्हतं. मिलमालकाच्या नातवंडांनी ती पाडली नाही. मशीन विकल्या, कबुतरं हाकलली, भिंती घासून लाल विटा उघड्या केल्या आणि सगळ्या मिलचे भाग पाडले. खाली जिथे धान कांडायच्या मशीन होत्या तिथे दुकानं: कोशाच्या रेशमी साड्यांचं, मातीच्या भांड्यांचं आणि एक कॉफीचं. वर पोती ठेवायचे तिथे काचेची ऑफिसं, त्यात तरुण मुलंमुली कानाला यंत्र लावून बसलेली. मागच्या गोदामात राहायच्या खोल्या काढल्या आहेत. एका खिडकीत कुणाचे तरी कपडेही वाळत होते. धुराडं तसंच उभं आहे. त्याला खालपासून वरपर्यंत दिव्यांची माळ गुंडाळली आहे.

मध्ये मोठं सिमेंटचं अंगण आहे. शोभा त्याला अजून कोठार म्हणते, तिकडे खळ्याला कोठारच म्हणतात. मिल चालू असताना उकडलेलं धान तिथे वाळायला पसरत. बायका रांगेनं पायानं ते फिरवत जायच्या. दिवसभर उन्हात हेच काम. अंगणाला मधून बाहेर असा उतार आहे, पाणी थांबू नये म्हणून. नव्या लोकांनी तो फरस तसाच ठेवला, नुसत्या भेगा बुजवल्या. तिथे आता बाजार भरणार, गाणी होणार.

अंगणाच्या कोपऱ्यात तोलघर, धान तोलायची जागा. जाड भिंतींची लहानशी खोली, अंगणाकडे गजांची खिडकी. शोभाला मिळणार होती ती हीच. ती मला खिडकीपाशी घेऊन गेली.

"इथं उभं राहा लागे. या खिडकीतून मुंशी हाजरी घे."

"आत गेली होतीस का कधी?"

"आत कायले जाईन? आत मुंशीचा पंखा होता. आमाले खिडकी होती."

ती दारातून आत गेली आणि तिनं ओटा कुठे होईल, शेगडी कुठे, भांडी कुठे हे मला दाखवलं. हात हलवत सांगत होती. शंकर नगरातल्या तीन घरांच्या पायऱ्या चढून तिचे गुडघे गेले आहेत. दुसऱ्याच्या चुलीवर दुसऱ्याच्या चवीनं रांधून ती कंटाळली होती. पण तोलघर आणखी एकाला हवं होतं. कॉफीवाल्याचं दुकान त्याला लागूनच आहे आणि त्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं.

सगळं काम एक तरुण मॅडम पाहतात. बोलायला गोड आहेत. त्यांनीच शोभाला सांगितलं होतं की बाजार सुरू होतोय, पहिले दोन दिवस तोलघरासमोर चूल मांडा, तुमच्याकडचं जेवण विका. लोक आले तर खोली तुमची. आणि एक गोष्ट सांगितली होती, की प्लास्टिक नको, पत्रावळीच वापरा, छान दिसतात.

पत्रावळी

पत्रावळी आणायला मी पिंकीबरोबर जुन्या बाजारात गेले. येताना तिनं मला ब्राह्मणपाऱ्यातून आणलं. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, ठिकठिकाणी देवळं, आणि त्यातून घुसणाऱ्या गाड्या. एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी माझं लुगडं पाहून "नागपूरकडच्या का?" असं शुद्ध मराठीत विचारलं. मला इतकं बरं वाटलं की मी नुसती मान हलवली आणि पुढे निघून आले. पिंकी म्हणाली, "मौसी, बात तो कर लेतीं!" पण तोवर गल्ली संपली होती.

पत्रावळीच्या दुकानदारानं गठ्ठे बांधताना विचारलं, "भंडारा है क्या?"

पिंकी म्हणाली, "नहीं अंकल, दुकान है."

"दुकान में पत्तल कौन देता है," तो म्हणाला आणि हसत सुतळी आवळली. भंडारा म्हणजे देवाच्या नावानं सगळ्यांना घातलेलं जेवण. इकडे सणासुदीला गल्लोगल्ली भंडारे चालतात.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही असं म्हणता येणार नाही. लोक पुष्कळ आले. पण आमच्याकडे कोणी आलं नाही. ते धुराड्यासमोर उभं राहून फोटो काढत आणि कॉफीच्या दुकानात जात. एक बाई आमच्यापाशी थांबल्या, फऱ्याकडे बोट करून मुलाला इंग्रजीत काही म्हणाल्या आणि गेल्या. साहू भैया नावाचे गेटवरचे चौकीदार आहेत. त्यांनी लांबूनच वास घेतला आणि म्हणाले, "दीदी, खुशबू तो गेट तक आ रही है." पण ड्यूटी सोडून त्यांना येता येत नव्हतं.

संध्याकाळी भाताचं पातेलं, आमचं लहान गंज, तसंच भरलेलं होतं. कॉफीवाला बाहेर येऊन तोलघराच्या भिंतीवर हाताच्या वितीनं मोजमाप घेत होता, ते शोभानं पाहिलं.

"उद्या मोठ्या गंजात करू," ती म्हणाली.

"आजचंच उरलं न वो," मी म्हटलं.

"थोडं दिसते म्हणूनच कोणी येत नाई. मोठं गंज दिसलं की लोक येतात."

पूस पुन्नी

दुसऱ्या दिवशी पौष पौर्णिमा होती. तिकडे तिला पूस पुन्नी म्हणतात आणि त्या दिवशी छेरछेरा असतो. धान घरात आलेलं असतं. पोरंसोरं, मोठी माणसंसुद्धा दारोदारी धान मागत जातात आणि त्या दिवशी मागणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही. मागण्यात लाज नाही, देण्यात मोठेपणा नाही. आमच्याकडे असं काही नाही. मला ते फार बरं वाटलं. मागताना मानही वर असते, हे मी त्या सकाळी गल्लीत पाहिलं.

मोहल्ल्यातली सार्वजनिक मोठी गंजं आणि हातभर लांब पळ्या उसन्या घेऊन शोभा भल्या सकाळी मिलमध्ये निघाली. शोभाच्या जुन्या सोबतिणी, बिसाहिन बाई आणि आणखी दोघी, मदतीला आल्या. मिल बंद झाल्यापासून त्या आत आलेल्या नव्हत्या. अंगणाच्या कडेला येताच तिघींनी चपला काढल्या. शोभानंही काढल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही. धान वाळतं त्या जागी चपला घालून जायचं नसतं. आमच्या खळ्यावरही तसंच आहे, म्हणून मीही काढल्या. धानाचा दाणा तिथे एकही नव्हता, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

बिसाहिन बाई फरसावरून अनवाणी चालत गेली आणि म्हणाली, "अब्बड़ जुड़ हे दाई!" म्हणजे फार गार आहे. मग त्या सगळ्या हसल्या. त्या उन्हाळ्यात तिथे चालत, तेव्हाची आठवण निघाली असावी.

कामं वाटली होती. शोभा आणि सोबतिणी मॅडमना विचारून आत तोलघरात रांधणार. पिंकी पुढे टेबलाशी पैसे घेणार आणि मी पत्रावळीवर वाढणार. पैशांचं टेबल गेटकडच्या बाजूला होतं, माझ्याकडून दिसत नव्हतं.

उन्हं वर आली तशी माणसं येऊ लागली. पहिले एक आजोबा आले. अंगणाच्या कडेला थांबून त्यांनी खाली पाहिलं, बूट काढले आणि आमच्या चपलांशेजारी नीट ठेवले. मग माझ्यासमोर आले, हात जोडले आणि पत्रावळ पुढे केली. मी वाढलं. त्यांच्यामागे एक कुटुंब होतं, त्यांनीही बूट काढले, हात जोडले. मग रांगच लागली. शहरातली शिकलेली माणसं, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि जेवणाआधी अन्नाला हात जोडतात. मला वाटलं, इथली रीतच असेल. आमच्याकडे लोक इतकं मानत नाहीत, हे गावी गेल्यावर सांगायचं असंही मी मनात ठरवलं. एका बाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि धुराड्याच्या पायथ्याशी उदबत्ती लावून आली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. गिरणीचं धुराडं, त्याच्यावर कितीतरी घरं चालली, लावली असेल उदबत्ती.

रांग गेटच्या बाहेर गेली. गंज अर्ध्याच्या खाली गेलं. शोभा आतून भाजीचं भांडं घेऊन आली आणि रांग पाहून तिथेच थबकली. तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिचं लग्न आठवलं.

"ताई! काहून आवाज नाई दिला?"

तेवढ्यात रांगेतल्या एका बाईनं पत्रावळ पुढे करत मला विचारलं, "किस भगवान का भंडारा है, दीदी?"

मला प्रश्नच कळेना. शोभाला कळला. तिनं भांडं खाली ठेवलं आणि टेबलाकडे गेली. टेबलावर कोणी नव्हतं. कॉलेजातून फोन आला म्हणून पिंकी सकाळीच निघून गेली होती आणि मैत्रिणीला टेबलावर बसवून गेले होते, असं तिनं मागाहून सांगितलं. ती मैत्रीण रांगेत उभी राहून जेवत होती. तिलाही भंडाराच वाटला होता.

शोभा परत आली. हळू आवाजात म्हणाली, "चपला पाह्यल्या त्यायनं. चपला, पत्रावळी, एवढं मोठं गंज, आन् पुन्नीचा दिवस. मंग काय वाटन?"

मी पळी खाली ठेवली. रांगेतली माणसं आमच्याकडे पाहत होती. विकायचं आहे म्हणून सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. मला ते मेले तरी जमलं नसतं. शोभाला जमलं असतं. तिनं तोंड उघडलंही.

बिसाहिन बाई दारातून म्हणाली, "आज छेरछेरा हे बहिनी. आज मँगइया ला नइ लहुटावँय." आज मागणाऱ्याला परत पाठवत नाहीत, असं ती सांगत होती.

शोभानं रांगेकडे पाहिलं, मग गंजात. मग त्या विचारणाऱ्या बाईला म्हणाली, "भगवान का नहीं है. छेरछेरा का है. खाओ."

आणि मला म्हणाली, "वाढ ताई. आता भांडं रिकामं होईस्तोवर वाढ."

मग मात्र तिनं कोणाला कमी पडू दिलं नाही. बिसाहिन बाई आतून भात आणत राहिली. वरच्या ऑफिसातली मुलं उतरून आली. साहू भैयांनी गेटवर दुसऱ्याला उभं केलं आणि येऊन पोटभर जेवले. झाडूवाल्या बाया, लाइट जोडणारे, साडीच्या दुकानातली पोरगी, सगळी फरसावर मांडी घालून बसली. कॉफीवालाही आला. त्यानं बूट काढले आणि दोनदा भाजी घेतली. मॅडम वरच्या गच्चीतून मोबाइलवर चित्रं घेत होत्या.

दुसरी सकाळ

सकाळी भांडी न्यायला आम्ही मिलमध्ये गेलो तर मॅडम वाटच पाहत होत्या. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून शोभाला बसवलं. तोलघरात. मी दाराशी उभी राहिले.

"दीदी, कल तो कमाल हो गया," मॅडम म्हणाल्या. "तौलघर आपका."

शोभानं माझ्याकडे पाहिलं.

मॅडम पुढे बोलत होत्या. कालसारखं दर रविवारी करायचं. त्याला नावही ठेवलं होतं, छेरछेरा संडे. जेवण फुकटच राहील, त्याचा खर्च सगळी दुकानं मिळून देतील, शोभाच्या खिशाला काही लागणार नाही. बाकीचे दिवस तिनं विकावं. फक्त रविवारी ती आणि जुन्या सोबतिणी अशाच साध्या लुगड्यात येतील, कडेला चपला काढतील आणि अंगणात थोडं धान पसरून पायानं फिरवून दाखवतील.

"लोगों को बहुत अच्छा लगेगा, दीदी. ये आपकी कहानी है."

तिच्या जागी मी असते तर हो म्हटलं असतं. खरं सांगायचं तर मी मनात हो म्हणून मोकळी झाले होते. ओटा कुठे येईल तेही पाहत होते.

शोभानं गजांच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मैडम, छेरछेरा साल में एक दिन रहता है."

"हाँ, पर हम..."

"और लोग माँगने आते हैं, तब देते हैं. इतवार को कोई माँगने नहीं आएगा. देखने आएगा."

मॅडम हसल्या. "तो देखने में क्या बुरा है?"

"बुरा नहीं है." शोभानं पाय पुढे केले. टाचा फाटलेल्या, जुन्या भेगा काळ्या पडलेल्या. "धान फिरा-फिरा के ये हुआ. अब चप्पल ली है न मैडम, पहनने दो. रूम दो, खाना बेचूँगी. सातों दिन बेचूँगी. धान नहीं फिराऊँगी."

मॅडम रागावल्या नाहीत. विचार करा म्हणाल्या. शोभा म्हणाली, झाला विचार. मॅडमनी मग सांगितलं की तसं असेल तर कॉफीवाल्याचं बोलणं पुढे न्यावं लागेल, कारण खोली मोकळी ठेवता येणार नाही. "समझ रही हैं न, दीदी?"

"समझ रही हूँ," शोभा म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. उठताना तिनं खुर्ची जिथून आणली होती तिथे परत नेऊन ठेवली.

आम्ही भांडी उचलली. मोठं गंज दोघींना उचलेना. साहू भैया गेटवरून धावत आले आणि त्यांनी एक कान धरला. अंगणातून जाताना ते म्हणाले, "दीदी, आज खाना कहाँ मिलेगा?"

"कौन-सा खाना?"

"आपका. यहाँ तो सब महँगा है. हम लोग डिब्बा लाते हैं, ठंडा हो जाता है. झाड़ूवाली दीदी भी पूछ रही थीं, लाइटवाले भी."

शोभा चालता चालता थांबली. त्यामुळे गंज माझ्याकडे कललं.

"घर आना पड़ेगा. पीछे की गली में."

"आ जाएँगे."

"पैसे लगेंगे."

"हव," साहू भैया म्हणाले.

माझी गाडी संध्याकाळची होती. दुपारी ओसाऱ्यावर चटई टाकली. शोभाचे मालक आत झोपले होते, म्हणून सगळे हळू बोलत होते. साहू भैया आले, त्यांच्यामागे दोघी झाडूवाल्या आणि लाइटवाला. पत्रावळी संपल्या होत्या, तेव्हा घरातल्याच ताटल्या काढल्या. मी पळी हातात घेऊन बसले. शोभानं आधी सगळ्यांकडून पैसे घेतले, मग मला म्हणाली, "वाढ."